कडेचा हात

बर्जोर डॉक्टरांनी कॅम्पातून रिक्षानं आणलं ते,
मांडीवर आडवं धरून, आजारी मुलासारखं.
अडीचशे वर्षांचं आहे म्हणाले, जपून.
लंडनचा रस्ता, तांब्यावर कोरून छापलेला.
गरिबांना शहाणपण यावं म्हणून त्या काळी
असली चित्रं स्वस्तात विकायचे म्हणे.
आताची किंमत ऐकून मी हात धुऊन आले.

आमच्या गंज पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकं तीनच:
देव, पदवीधर आणि वारलेले.
तिघांनाही सोनेरी पट्टी चालते.
ह्याला काळी हवी होती, बारीक, बिननक्षीची.

जुनी काच काढली. भिंगाखाली रस्ता उघडत गेला.
घोडा गुडघ्यांवर आलेला,
गाडीवान चाबूक उलटा धरून दांड्यानं हाणतोय,
गाडीतले चौघे घड्याळ बघतायत.
पोरांनी मांजर खांबाला टांगलंय,
गाठ मारणाऱ्याची जीभ किंचित बाहेर,
शाळेत चित्र काढताना असते तशी, मन लावून.
पाववाला त्याच गर्दीत पाव विकतोय. धंदा बरा दिसतो.
कोरणाऱ्याची खोडी अशी
की राक्षस एकही नाही.
सगळी नाकं आमच्या गल्लीतली.

खाली इंग्रजीत उपदेश, चार ओळी.
इलाहीनं मोबाईल धरून अर्थ लावला:
जो लहानपणी मुंगळ्याचे पाय तोडतो,
तो मोठेपणी...
दीदी, पुढचं कसरीनं खाल्लंय.

आणि अगदी उजव्या कडेला, वरच्या मजल्यावर,
खिडकीची झडप आत ओढून घेणारा एक हात.
बाई दिसत नाही. मनगटाशी बाहीची झालर,
आणि बोटं, घट्ट.
नेमका तिथंच कागद तपकिरी पडलेला.

मंगळवारी रात्री
कुदळ्यांचा प्रणित आणि आणखी तिघे
कोयते घेऊन गल्लीतून गेले.
आधी अल्टो, मग पेपरवाल्याचा टेम्पो,
मग ज्या गाडीवर कालच हळदीकुंकू वाहिलं होतं ती.
एक जण मोबाईल उंच धरून उलटा चालत होता,
वरातीतल्या कॅमेरावाल्यासारखा.
वॉचमन थिटेमामा मध्ये पडले.
काय रे पोरांनो, एवढंच म्हणाले.

प्रणितचं तिसरीतलं सुंदर हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्र
मीच मढवलं होतं. पैसे घेतले नव्हते.

थिटेमामांनी वर पाहिलं.
कान धरलेला, बोटांतून काळं गळतंय
(दिव्याखाली काळंच दिसतं ते).
मी खिडकी लावून घेतली.
कडी गंजकी आहे,
वाजू नये म्हणून सावकाश लावली.

सकाळी हवालदार विचारायला आला.
म्हटलं, गोळी घेते मी झोपेची.

माउंट कापताना दोन सूत इकडे की तिकडे
हे सगळं माझ्या हातात असतं.
डाग झाकायचा तर हातही आत जाणार.
डॉक्टर म्हणालेच होते, तेवढा डाग घे पोटात.
पेन्सिलची रेघ मारली. पुसली.
चहा आला, तो गार झाला.
पुन्हा मारली, तिथंच.
पातं नवं होतं. एका ओढीत पुठ्ठा सुटला.

शनिवारी डॉक्टर आले, चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ घोड्याकडे बघत राहिले.
फार सफाईनं केलंस, दीकरा.
जुन्या मापाशी ताडून बघतील असं वाटलं होतं.
नाही बघितलं.
तो हात आता पुठ्ठ्याखाली आहे,
तिथं ऊन लागत नाही, कसर लागत नाही.
आणखी अडीचशे वर्षं सहज टिकेल.

थिटेमामांचे टाके परवा निघाले.
दुकानावरून गेले, रॉकेलचा डबा घेऊन.
मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.
त्यांनी इकडे पाहिलं नाही.

इलाहीला म्हटलं,
वरच्या खिडकीच्या कडीला जरा तेल घाल.
उघडत नाही का, त्यानं विचारलं.
म्हटलं, वाजते.